ब्रेकऐवजी नारळ

आमच्या भागातल्या ट्रकमालकांची अक्कल बघायची असेल तर पारोळ्याहून धुळ्याकडे निघावं. थोडं पुढे गेलं की रस्ता उताराला लागतो, नाल्यावरच्या अरुंद पुलाआधी एकदम वळतो, आणि त्या वळणात, डांबराला अगदी खेटून, वळणमायचं देऊळ आहे. म्हणजे होतं. एक्क्याण्णव सालच्या चैत्रात माझ्या भावाने ते ट्रक घालून पाडलं. आता तिथेच, त्याच जागी, त्याहून मोठं बांधायचं घाटतंय. माणसाला एकदा शहाणपण सुचायला वाव असतो; आमच्या लोकांनी तो वाव बुजवून त्यावर चौथरा घातला.

माझा धाकटा भाऊ अभिमन ड्रायव्हर आणि मी, पंडित, अमळनेरला मास्तर. पण आमचं घर मुळात रेल्वेच्या जिवावर उभं राहिलेलं. आमचे वडील, आधार आबा, स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होते. रुईच्या गाठी, तेलाचे डबे, सरकीची ढेप, सगळं तिथून वॅगनमध्ये भरलं जायचं. आता रेल्वे म्हणजे काही संत नव्हती. व्यापारी वॅगन मागायला गेला की बाबू त्याच्याकडे असा बघायचा, जसं काही हा त्याची मुलगीच मागायला आलाय. वॅगन मिळाली तरी कुठल्यातरी यार्डात पावसात भिजत पडायची. गाठ इथून पांढरी निघायची आणि मुंबईला हिरवी पोचायची. शेवटी साहेबलोकांनी फर्मान काढलं की सुटा माल घेणार नाही, अख्खी मालगाडी भरत असेल तर बोला. अख्खी मालगाडी भरायला अमळनेर काय बंदर आहे? धक्क्यावर शेळ्या बसायला लागल्या. आपल्या हाताने आपलं दुकान बुडवायचं आणि वर पगारवाढीसाठी संप करायचा, ही कला मी तिथे शिकलो. म्हणजे बघितली, शिकायला ती रक्तातच असावी लागते.

रेल्वे गेली म्हणून गावात सगळ्यात मोठ्याने रडला तो पितांबरशेठ. हा माणूस व्यापाऱ्यांना वॅगन मिळवून देण्याची दलाली करायचा. रडून झाल्यावर तिसऱ्या महिन्यात त्याच्या दारात ट्रक उभा होता, आणि चार वर्षांत सात. गाडीवर नऊ टन लिहिलेलं असायचं, आत चौदा टन असायचे, आणि वाटेतल्या प्रत्येक नाक्यावरच्या साहेबाला गणित येत नसायचं. अभिमन त्याच्याकडे कामाला लागला. आम्ही बौद्ध. शेठला त्याचं काही नव्हतं म्हणे. स्टिअरिंग धरणाऱ्या हाताची जात तो विचारत नसे. प्यायला पाणी मागितलं की मात्र तांब्या उंच धरून वरून ओतायचा.

वळणमायचा जन्म याच शेठच्या ट्रकखाली झाला. त्या उतारावर त्याच्या एका गाडीने सायकलवरच्या दूधवाल्याला उडवलं. गाडीचे ब्रेक गेलेले होते, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण शेठने भगत आणला. भगताने अंगात आणून सांगितलं की जागा वाईट आहे, इथे माय बसवा. दुसऱ्या दिवशी वळणात एक शेंदूर फासलेला दगड आला, वर्षभरात त्यावर पत्रे, मग भिंती, मग घंटा, मग कर्णा. जखम मांडीला आणि मलम शेंडीला ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी होती. शेठने तिच्यावर कळस चढवला.

बांधकाम खात्याचा एक इंजिनियर आला होता मध्ये. वळण सरळ करू म्हणाला. नकाशा काढला, खुंट्या ठोकल्या, आणि खुंटी बरोबर देवळाच्या गाभाऱ्यात आली. झालं! शेठ पंचवीस माणसं घेऊन धुळ्याला गेला, भावनांचा प्रश्न आहे म्हणाला, आणि इंजिनियरने खुंट्या उपटून नेल्या. म्हणजे वळण वाईट म्हणून माय बसवली, आणि माय बसली म्हणून वळण हलवायचं नाही. यावर हसावं की डोकं आपटावं, मला अजून ठरवता येत नाही.

मग प्रथाच पडली. प्रत्येक गाडी त्या वळणात थांबायची. ट्रक थांबायचे, एसटी थांबायची, लग्नाचं वऱ्हाड थांबायचं. रस्त्यातच, बाजूलासुद्धा न घेता. उतरायचेही कष्ट नकोत म्हणून गुरव झुलाल नारळाच्या खोबऱ्याची परात घेऊन खिडकी-खिडकीशी यायचा. आंधळ्या वळणात, उताराच्या पायथ्याशी, अख्खा हायवे अडवून ही मंडळी सुखरूप प्रवासाची प्रार्थना करायची.

अभिमन ब्रेकची तक्रार घेऊन गेला की शेठ टेबलाखालून नारळ काढायचा.

"शेठ, लायनर संपेल शेतस. गाडी थांबस नही."

"मायला फोडलास का मागच्या खेपेला?"

अभिमन नारळ घेऊन निघायचा. तो फोडत नसे. तो नारळ घरी आणायचा आणि आमची आई, द्रौपदाबाई, त्याची लसूण घालून चटणी करायची. आमच्या घरात त्या दोन वर्षांत जेवढी खोबऱ्याची चटणी झाली तेवढी कोकणातही होत नसेल. मी अभिमनला म्हणायचो, सोड ही गाडी. तो म्हणायचा, सोडून जाऊ कुठे, धक्क्यावर? तिथे तर शेळ्या बसल्यात. यावर मी नुसता चिडायचो.

चैत्रातला मंगळवार होता, दुपारची वेळ. अभिमन रुईच्या गाठी भरून पारोळ्यावरून धुळ्याकडे निघाला. पुढे भिवंडी गाठायची होती. उताराच्या डोक्यावर त्याने पाय दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. त्याने गिअर खाली ओढला, हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही. वळणात शिरला आणि समोर एसटी उभी. भरगच्च, टपावरसुद्धा वऱ्हाडाच्या पेट्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात जोडून बसलेला, झुलाल खिडकीशी परात घेऊन, बायका पदर पुढे करून खोबरं घेतायत. उजवीकडून पुलावर टँकर चढत होता. डावीकडे देऊळ.

त्याने डावीकडे घेतलं.

कर्णा, घंटा, पत्रे आणि भिंती, सगळं घेऊन ट्रक पलीकडच्या बांधाला जाऊन टेकला. वरच्या गाठी सुटून नाल्यात गेल्या. एसटीला ओरखडा नाही. झुलालच्या परातीतला तुकडा सांडला नाही, असं तोच नंतर कौतुकाने सांगायचा. अभिमनचा उजवा पाय केबिनमध्ये अडकून गुडघ्याखाली मोडला.

आणि एसटीतली माणसं खाली उतरली. तुम्हाला वाटेल, त्याला बाहेर काढायला. काढलंच त्यांनी. पायाला धरून काढलं, मोडलेल्या, आणि मग मारलं. ज्याच्यामुळे ते उभे राहून मारू शकत होते त्यालाच मारलं. टँकरवाल्या सरदारजीने पाना फिरवत मध्ये उडी घेतली नसती तर माझा भाऊ त्या दिवशी तिथेच गेला असता. मी ही गोष्ट सांगताना आवाज चढवतो, असं माझी बायको म्हणते. चढवणार. का चढवू नये?

पुढच्या दोन दिवसांत त्याची आणखी शोभा झाली. कोणीतरी विचारलं, हा ड्रायव्हर कोण? आडनाव कळलं, मग जात कळली, आणि सगळ्यांना एकदम सगळं समजलं. ब्रेक वगैरे काही नाही, मुद्दाम पाडलंय. शेठनेच पुरवणी जोडली: हा मायला नारळ फोडत नव्हता, मी देत होतो तो घरी नेऊन खायचा. भावना दुखावल्याची तक्रार दाखल झाली, आणि पारोळ्याचा बाजार एक दिवस बंद राहिला.

मी एसटीचा कंडक्टर मगन याला गाठलं. अमळनेर डेपोचाच, ओळखीचा. म्हटलं, तू बघितलंस, तेवढं सांग.

"मास्तर, ब्रेक होता की नव्हता मला काय माहीत? मी तिकिटं फाडत होतो. आम्हाला वाचवलं ते मायने. तिने आपल्या अंगावर घेतलं."

"आणि ट्रक वळवला कोणी?"

"मायनेच की."

"मग देऊळ कोणी पाडलं?"

"तुमच्या भावाने."

हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावरची माशीदेखील हलली नाही. या माणसाच्या दोन मुली शाळेत माझ्याच वर्गात होत्या, आणि भागाकार कसा चुकतो ते मी त्यांना समजावत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला येणार होता. त्याच्याआधी पितांबरशेठ आला. हातात द्राक्षांची पिशवी, कपाळाला शेंदूर. पलंगाच्या कडेला बसला, आईला अक्का म्हणाला. या आधी त्याने तिला कधी नावानेसुद्धा हाक मारली नव्हती.

"पंडित मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच समजावा," तो मला म्हणाला. "अभिमनने एवढंच सांगायचं, की डोळा लागला. डुलकी आली. बस! ड्रायव्हर माणूस आहे, लागतो डोळा. मग मुद्दाम पाडलं हा विषयच राहत नाही. तक्रार मी मागे घ्यायला लावतो, माझा शब्द. गावात परत येऊ शकेल."

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेकचं नाव काढलंत की विमेवाला हात वर करतो, गाडी माझ्या गळ्यात पडते. आणि मग मी कोणाकोणाला आवरू, मास्तर? लोक चिडलेत." हे तो इतक्या प्रेमाने म्हणाला, की पलीकडच्या पलंगावरच्या पेशंटला वाटलं असेल, केवढा देवमाणूस आहे.

देवमाणूस उठून व्हरांड्यात गेला. आई अभिमनच्या उशाशी सरकली. ती कधी कोणापुढे वाकली नव्हती. आबा गेल्यावर जिनिंगमध्ये सरकी वेचून तिने आम्हाला वाढवलं होतं. पण त्या दोन रात्रींत आमच्या घरावर दगड पडले होते, मी इथे दवाखान्यात होतो आणि ती एकटी घरात होती.

"हा म्हन, भाऊ," ती म्हणाली. "लायसन जाई ते जाऊ दे. सहा महिना बसशी आतमा. जीव ते वाची. हाऊ बठ्ठा गाव तुनावर उठेल शे."

अभिमन छताकडे बघत होता. त्याने माझ्याकडे मान वळवली. हा असा पोरगा, की लहानपणी चूक झाली तरी आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. डुलकी लागली म्हणाला तर तो निष्काळजी ठरणार, पुन्हा गाडी मिळणार नाही, आणि बिनब्रेकची उरलेली सहा धुडं त्याच उतारावरून तशीच धावणार. नाही म्हणाला तर गाव आहेच. मला शेठचा तिटकारा आला होता, मगनचा आला होता, त्या परातवाल्या झुलालचा आला होता, त्या इंजिनियरचा, रेल्वेच्या बाबूंचा, सगळ्यांचा. पण त्या तिटकाऱ्यातून माझ्या भावाला देण्यासारखा एक शब्द निघेना. एवढी वर्षं मी जगाला नावं ठेवली, ती त्याच्या पलंगाशी मला काही कामाला येईनात.

हवालदार आला. जाडा, घामेजलेला, खुर्ची ओढून बसला. शेठही मागोमाग आत येऊन भिंतीला टेकला आणि त्याने अभिमनकडे बघून हलकेच मान डोलावली.

"हं, बोल. डोळा लागला होता ना?" हवालदाराने विचारलं. उत्तर त्याला आधीच मिळालेलं दिसत होतं, कारण तो लिहायलाच लागला होता.

"नही," अभिमन म्हणाला. "माले झोप लागेल नव्हती."

हवालदाराचा हात थांबला. आईने तोंडाला पदर लावला.

"ब्रेक नव्हता. शेठले तीन डाव सांगेल व्हतं. वळनमा एसटी उभी व्हती, उजवीकडे टँकर. डावीकडे देऊळ. मी डोया उघडा ठेईसन देऊळवर घातं."

"अरे, कळतंय का तुला काय बोलतोयस?" हवालदार म्हणाला. तो वाईट माणूस नसावा, घाबरला होता. "म्हणजे मुद्दाम घातलास असं होतं हे. देऊळच का?"

अभिमनच्या ओठाला टाके होते, बोलताना दुखत होतं.

"एसटीमा मानसं व्हतात," तो म्हणाला. "देऊळमा कोन्हीच नव्हतं."

शेठ भिंतीपासून सुटा झाला. पलीकडच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला. हवालदाराने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि एकदा शेठकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"हे असंच लिहू?" त्याने विचारलं.

"असंच लिहा," अभिमन म्हणाला, आणि सही करायला हात पुढे केला.