सहीची किल्ली

बेकऱ्यांमधल्या विजेच्या भट्ट्यांचं सॉफ्टवेअर ऑफिसात बसून बदलायचं, हे तिचं काम. कंपनीची डिजिटल सही असलेलं अपडेटच भट्टी घ्यायची. एके दिवशी एका बेकरीवाल्याचा फोन आला, "अहो, भट्टी आपोआप जास्त तापली, सगळे पाव करपले!" तिने तपासलं, तर भट्टीत तिने न पाठवलेलं अपडेट होतं आणि त्यावरची सही अगदी खरी होती.

सहीची किल्ली, म्हणजे ती सही करायचा गुप्त कोड, तिच्याशिवाय दोघांकडेच होती. एक तिला इथे नोकरीला चिकटवणारा सख्खा मामा, दुसरा नवा इंजिनियर. नवा कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणूनच तिला तो खुपायला लागला. तिने गुपचूप सगळ्या भट्ट्यांची किल्ली बदलली, जुन्या किल्लीची सही आता चालणार नव्हती, आणि त्याच्यावर डोळा ठेवून बसली.

दुपारी मामाच तणतणत आला. "अगं, भट्ट्या माझं अपडेट का घेत नाहीयेत?"

"तुझं अपडेट?"

"भट्टी लवकर तापावी म्हणून केलं गं. तुझ्या चाचण्यांची वाट बघत म्हातारं व्हायचं का? करपण्याचंही दुरुस्त केलंय यात. दे बघू नवी किल्ली."

"आधी चाचणी करते."

"माझ्यावर संशय घेतेस?"

"हो, मामा."

तो तोंड फुगवून निघून गेला. थोड्या वेळाने आईचा फोन आला. "काय बोललीस गं त्याला?" समोर चाचणीची भट्टी मामाच्या दुरुस्तीनंतरही नको तितकी तापत होती.