वरच्या खोलीतली हाक

शिवणयंत्राची सुई पडद्याच्या कापडात तशीच रुतवून आक्का उठली आणि लगबगीने जिना चढू लागली. प्रत्येक पायरीला उजव्या कानात ठणका उठत होता. वरच्या खोलीच्या दारात पोचेपर्यंत तिला धाप लागली.

"हाक मारलीस?"

"नाही गं," पलंगावरचा धाकटा भाऊ म्हणाला. "मघाशीही नव्हती मारली."

ती खाली आली, यंत्रापुढे बसली आणि शिवण घालायची सोडून छताकडे बघत राहिली.

सुरुवात साध्या सर्दीने झाली होती. आधी नाक चोंदलं, मग कपाळ आणि गाल जड झाले, आणि शेवटी कानांत दडे बसले ते उतरेनात. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. नाकापासून कानाकडे जाणारी बारीक नळी सुजून बंद झाली आहे, म्हणाल्या. वाफ घ्या, नाकात थेंब घाला, फारच दुखलं तर गोळी. पण कानात तेलबिल ओतू नका आणि नाक जोर लावून शिंकरू नका. ताप चढला किंवा कान वाहू लागला तर लगेच या. नाहीतर धीर धरा, कान हळूहळू मोकळा होईल. धीर कुठल्या दुकानात मिळतो, ते मात्र बाईंनी सांगितलं नाही.

तिला धीर धरून चालणार नव्हतं. धाकट्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. बस चालवणारा धिप्पाड गडी, एकटा राहणारा. आक्कानेच हट्टाने त्याला आपल्याकडे आणलं होतं. खाली कापडांच्या ढिगाऱ्यात पलंग मावेना, म्हणून शेजारच्या दोघांनी त्याला उचलून वर नेलं. तिचे कान बंद झाले त्या सकाळी त्याने वरून हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. तिला एकही ऐकू आली नाही. शेवटी तो आपला आपणच उठायला गेला आणि पडला. ती चहा घेऊन वर आली तेव्हा तो फरशीवर पलंगाला टेकून बसला होता, चेहरा घामाने थबथबलेला, आणि तिला बघून कसंनुसं हसत होता. पायाला नवीन काही झालं नव्हतं. पण तेव्हापासून आक्काच्या जिवाला थारा नव्हता.

कानात सारखी गुणगुण चाले, आणि त्या गुणगुणीतून मधूनच कोणीतरी "आक्का" म्हणे. ती भात टाकताना उठे, वाफेच्या पातेल्यावरचा टॉवेल फेकून उठे. हवं असलं तर फोन करीन, असं धाकट्याने सांगून पाहिलं. फोन तरी कुठे ऐकू येतोय, असं ती म्हणाली आणि पुन्हा जिना चढत-उतरत राहिली. बसली की उठावंसं वाटे, उठली की कान धरून बसावंसं वाटे.

एका दुपारी त्याचं "नाही" ऐकल्यावर ती दारातून हललीच नाही.

"मला वेड लागतंय का रे?"

धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर मात्र हाका खऱ्या निघू लागल्या. ती वर जाई तेव्हा त्याला पाणी हवं असे, खिडकी लावायची असे, नाहीतर लावलेली खिडकी उघडायची असे. "किती रे तुझी फर्मानं," असं ती कुरकुरे, पण खाली उतरताना तिचा जीव जरा भांड्यात पडलेला असे. कान बंद असला तरी फसवत नाहीये, एवढं तरी होतं.

मग एकदा वाफ घेऊन आवंढा गिळताना कानात टक्क झालं. बाहेरचं सगळं एकदम आत आलं: नळाची धार, रस्त्यावरची भाजीवाली, स्वतःच्या बांगड्या. तिला हसूच फुटलं. हाक आली नव्हती. तरी धाकट्याला सांगावं म्हणून ती जिन्याकडे निघाली.

अर्ध्या जिन्यात तिला कण्हणं ऐकू आलं. दार अर्धवट उघडं होतं. धाकटा दात आवळून पुढे वाकला होता आणि दुखऱ्या पायाखालची उशी दोन्ही हातांनी ओढत होता. उशी इंचाइंचाने सरकत होती. मध्येच थांबून त्याने दाराकडे कानोसा घेतला आणि पुन्हा ओढायला लागला.

आक्काने कठड्याला धरलं. मग पाय न वाजवता ती मागच्या मागे उतरली, तळाशी जरा वेळ थांबली आणि चपला फटफट वाजवत पुन्हा चढली.

उशी जमिनीवर पडली होती. धाकटा उताणा पडून छताकडे बघत होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"उशी पडली गं," तो म्हणाला. "हाक मारली तुला."

तिने उशी उचलली, झटकली आणि त्याचा पाय अलगद वर धरून खाली सरकवली.

"ऐकली ना," ती म्हणाली. "म्हणून तर आले."