बांगड्याचे तोंड कुणीकडे?

मित्रांनो, कल्पना करा, तुम्ही एका नावघराच्या, म्हणजे नावा ठेवायच्या खोपटाच्या छपरावर, लोखंडी दांड्याच्या टोकाला बसला आहात. समोर राखाडी समुद्र, पाठीशी मेंढ्यांनी भरलेला डोंगर. वारा सुटला की तुम्ही गर्रकन फिरता आणि तो जिकडून येतो तिकडे तोंड करता. जमले? मग तुम्ही आता मीच झालात!

मी एक जुना तांब्याचा बांगडा मासा आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणे हे माझे काम. फर्गल आजोबांनी तरुणपणी एका फुटक्या पातेल्यातून मला कापून काढले. त्यांच्या आईला ते पातेले पुढे कितीतरी दिवस सापडत नव्हते!

इथला समुद्र बारा महिने गार, पण एकसारखा कधीच नसतो. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि लाटा विस्कटून टाकतो. पाहुण्यांची मुले त्या फेसात दात वाजवत नाचतात. शरद ऋतूत दूर कुठेतरी वादळे होतात, त्यांच्या उंच लाटा आमच्याकडे चालत येतात. सकाळी डोंगरावरून वारा आला की तो त्या लाटांना समोरून थोपवून धरतो. मग लाटांवर स्वार होणाऱ्यांची चंगळ! हिवाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा पाण्यात फक्त सील असतात. आणि वसंतात ऊन कोवळे पडते, पण पाणी सगळ्यांत गार तेव्हाच. समुद्र सावकाश निवतो आणि सावकाशच तापतो.

गावात एक नियम होता. बांगड्याचे तोंड समुद्राकडे असेल, तर मुलांनी खुशाल पाण्यात जावे; तो वारा त्यांना किनाऱ्याकडेच ढकलतो. तोंड डोंगराकडे असेल, तर मोठ्या माणसाशिवाय कुणी पाय भिजवायचा नाही. पाण्यात उतरण्याआधी सगळे माझ्याकडे बघत. किती मान होता मला!

पुढे मोठी माणसे हातातल्या फोनवर वारा बघू लागली. लहान मुले तेवढी अजून माझ्याकडे बघत, पण मला तेल घालायचे कुणाला आठवेना. खारी हवा सांध्यात शिरली आणि एके दिवशी मी अडकलो, तोंड समुद्राकडे करून.

त्या उन्हाळ्यातल्या एका सकाळी आजोबांची नातवंडे, ऑर्ला आणि छोटा कॉर्मक, खाली आली. कॉर्मकने मान वर केली. "बांगडा समुद्राकडे! चला!" म्हणत ऑर्लाचा लाटांवर स्वार व्हायचा लाकडी फळा घेऊन तो पळालासुद्धा. हा फळा आजोबांनी तिच्यासाठी हाताने तासलेला. मी मात्र घाबरलो. वारा डोंगरावरून येत होता. कड्याच्या आडोशाला खाली तो कुणाला जाणवत नव्हता. मी सारा जोर लावला, तरी तसूभर हललो नाही.

"ताई, बघ! हात न मारता पुढे चाललोय मी!" कॉर्मक फळ्यावर पालथा पडून ओरडला.

ऑर्ला हसली, आणि मग थबकली. वाळूवर समुद्रपक्षी बसले होते. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे पिसे विस्कटत नाहीत. ते सगळे डोंगराकडे तोंड करून बसले होते.

"आजोबा, बांगडा खोटं बोलतोय!" ती किंचाळली आणि धावत सुटली. "कॉर्मक, उतर! आत्ता उतर!"

"पण तुझा फळा जाईल ना!"

"जाऊ दे त्याला! उतर म्हणते ना, गाढवा!"

तो उतरला. पाणी त्याच्या हनुवटीला लागले, पण पाय टेकले. ऑर्लाने त्याचा दंड धरून त्याला ओढत आणले. फळा मात्र एकटाच झपाझप क्षितिजाकडे निघून गेला.

आजोबा धापा टाकत आले. कॉर्मकला छातीशी धरून त्यांनी वर माझ्याकडे पाहिले. "त्याला कशाला बोल लावतेस, पोरी? तेल घालायचं मीच विसरलो."

संध्याकाळी खेकडे पकडणाऱ्या नावेने फळा परत आणला. "तुमचा फळा अमेरिकेला निघाला होता," नावाडी म्हणाला. "मी म्हटलं, तिकीट काढलंयस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी शिडी धरली आणि ऑर्ला वर चढली. तिने माझ्या अंगावरची पक्ष्यांची घाण पुसली, सांध्यात मेंढीच्या लोकरीची चरबी चोळली आणि माझ्या नाकाला हळूच बोट लावले. मी कुरकुरलो, आणि फिरलो! तोंड थेट डोंगराकडे.

"अरे देवा, म्हणजे आज पाण्यात जायचं नाही?" खालून कॉर्मक म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या भरवशाची जी वस्तू असेल, तिला अधूनमधून हात लावून बघा. आम्ही अडकलो तरी आम्हाला हाक मारता येत नाही.

ऑर्ला शिडी उतरली. फळा भिंतीला टेकवून ती भावाशेजारी पायरीवर बसली आणि लोणी लावलेला पाव त्याच्यासोबत वाटून खाऊ लागली. दुपारी वारा फिरला, मी वळलो. तिने आधी पक्ष्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि कॉर्मकचा हात धरून ती पाण्याकडे धावली.