उंच बांधलेली जाळी

"वहिनी, सहीचा शिक्का कुठं ठेवलाय तेवढं सांगा. कागदावर मीच मारतो," पानसॉक म्हणाला आणि ओसरीच्या कडेला टेकला. सोबत नासपतींची पेटी आणली होती. नैवेद्याला मांडताना कापतात तसे फळांचे शेंडे कापलेले होते. म्हणजे सख्ख्या भावाच्या नैवेद्याची फळं घरी नेली, खपली नाहीत, म्हणून विधवेला भेट. मी मालसूनआक्कांची बावीस वर्षांपासूनची शेजारीण. त्यांच्या दिराची दानत मला नवी नव्हती.

आमच्याकडे गिम, म्हणजे खायचं काळं समुद्री शेवाळ, उथळ पाण्यात खांबांना जाळी बांधून वाढवतात. ओहोटीला जाळी उघडी पडून उन्हात वाळतात. त्यात आगंतुक हिरवं शेवाळ मरतं, गिम टिकतं. हिरवं फार माजलं म्हणून आक्कांनी जाळी उंच बांधली आणि त्याच दिवशी त्यांचे यजमान दॉकचिल गेले. पुढं भांगाची, कमी उंचीची भरती, पाणी तिथवर चढणार नव्हतं. "मी खाली घेतो ना, वहिनी," असं पानसॉकनं भावाच्या प्रेतापाशी सांगितलं आणि अंत्यविधीचे तीन दिवस तिथंच पत्ते कुटत, दारू ढोसत बसला. आज पाचवा दिवस. जाळी कोरडीच.

आता गावच्या मंडळाचा नियम असा, की ज्याची जाळी मेली त्याचे खांब दुसऱ्याला. दुसरा कोण, ते पानसॉकच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं.

"पीक जाळलंत, वहिनी. बाईमाणसाचं काम नाही हे. दादा होता म्हणून चाललं."

"भावजी, तुमचे दादा दम्यानं नुसते सुकाणू धरून बसायचे. गाठी कोण बांधायचं?"

"बरं, पण मेलंय ना आता?"

"बघून आलात?"

"लांबून दिसतंय की. कागदासारखं झालंय."

"कागदासारखं झालं म्हणजे मेलं, हे कुठं शिकलात? ताटातलं वाळवलेलं बघून?"

मला हसू आवरलं नाही. समुद्राकाठी जन्म काढला आणि अक्कल ताटापुरती. अहो, पार वाळलं की गिम आपलं सगळं काम थांबवून गप्प पडतं. मग ऊन कितीही तळपलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. पाणी मिळालं की पुन्हा सुरू. पण पाच दिवस? खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते.

आक्कांनी त्याला होडीत घातलं. सुकाणू मी धरलं. जाळ्यांवरच्या पात्यांची टोकं पांढरी पडली होती, ती गेलीच. आक्कांनी बुडाजवळचं एक काळं पातं मोडलं, ते कुरकुरीत वाजलं. वाडगाभर समुद्राच्या पाण्यात टाकून त्यांनी वाडगा दिराच्या मांडीवर ठेवला.

"धरा. हलू नका."

एक सिगारेट संपेल एवढा वेळ गेला. पातं हळूहळू उलगडलं, चकाकलं आणि पानसॉकच्या अंगठ्याला बुळबुळीत चिकटलं.

"तरी अर्धं गेलंय," तो पुटपुटला.

"गेलंय. अर्धं आहे."

त्यानं कागद खिशात खोलवर सारला. परत येताना म्हणाला, नासपती गोड आहेत. असा माणूस.

त्याला धक्क्यावर उतरवून आम्ही पुन्हा जाळ्यांकडे गेलो. सुकाणूपाशी दॉकचिलचे सुती हातमोजे मिठानं वाळून कडक झाले होते, बोटं दांडा धरल्यासारखी वाकलेली. आक्कांनी ते मांडीवर घेतले, थोडा वेळ तसेच राहू दिले. मग पाण्यात बुडवले. बोटं सैल पडली, हाताचा आकार गेला. त्यांनी मोजे पिळून घातले आणि पहिली गाठ सोडायला घेतली.