परजिल्हा

विमान लहान असलं की आधी वजनं करावी लागतात. एसटी स्टँडमागच्या लॉजच्या खोलीत तेजल गोताडने सकाळी नऊ वाजता वजनकाटा फरशीवर ठेवला आणि वडलांना वर उभं केलं. महिपत गोताड, वय वर्षं चौऱ्याहत्तर, श्वास रोखून उभे राहिले.

"श्वास सोडा, बाबा. त्याचं वजन नसतं."

"सोडला. किती?"

"छप्पन्न."

"चपला घालून बघ. मी काय अनवाणी येनार नाय."

छप्पन्न किलो चारशे. तेजलने आकडा कागदावर लिहिला. पुण्यात नोकरी करून तिने चार वर्षांत खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवला होता. आज पहिल्यांदाच ती वडलांना घेऊन उडणार होती. विमान भाड्याचं, चार जणांचं. कुडाळजवळ राहणाऱ्या गंगाआत्याकडे जायचं, म्हणजे रत्नागिरीहून चिपी विमानतळ, जेमतेम पाऊण तासाचं उड्डाण. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा. तिथून निघायची परवानगी मिळायला तीन आठवडे गेले होते, आणि मिळाली ती अकरा ते साडेअकरा एवढीच.

मग सामान. तिची पाठपिशवी, वडलांची पिशवी आणि कांबळ्यात बांधलेलं एक लांबट गाठोडं.

"यात काय?"

"गंगेसाठी आमसुलं. नि आगळाच्या दोन बाटल्या."

काट्यावर आठ किलो नऊशे. तेजलने आकड्याकडे पाहिलं, मग वडलांकडे. वडील खिडकीबाहेर बघत होते. दारात उभा असलेला रामजी, तिचा चुलतभाऊ, ज्याच्या रिक्षातून महिपत गावाहून आले होते, उगाच खोकला.

तिने गाठ सोडली. आमसुलं होती, बाटल्याही होत्या. त्यांच्याखाली, नळी वेगळी आणि दस्ता वेगळा करून, वडलांची एकनळी बंदूक होती. बिस्किटाच्या डब्यात सहा काडतुसं.

"बाबा!"

"वरडू नको. चोरीची नाय. परवाना हाय." त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक काढलं. "गंगेचा सुरण नि कणगरं डुकरांनी उकरून टाकली. म्हनाली, दादा, चार दिवस बंदूक घेऊन ये. भनीनं चाळीस वर्षांत पयल्यांदा काय मागितलंन."

तेजलने पुस्तक उघडलं. शेती संरक्षणासाठी. मूळ परवाना १९७९. क्षेत्र: रत्नागिरी जिल्हा.

"हे रत्नागिरी जिल्ह्यापुरतं आहे."

"मग? कुडाळ काय गुजरातेत हाय?"

"कुडाळ सिंधुदुर्गात आहे, बाबा. एक्याऐंशीपासून."

"ते झालं मागाहून. मना परवाना दिलानी तवा सावंतवाडीपर्यंत आपलाच जिल्हा. जिल्हा तुटला म्हनून माझा कागद तुटला काय?"

रामजी हसला. तेजलला हसू आलं नाही. परवान्याचं दर वेळी नूतनीकरण होताना कारकुनाने मागचंच क्षेत्र पुढे उतरवलं होतं आणि वडलांनी मनातला जुना नकाशा. त्यांना लबाडी करायचीच नव्हती. करायची असती तर परवाना सोबत आणला नसता.

"शिवाय विमानात हत्यार न्यायचं तर केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते," ती म्हणाली. "ती नसली तर आधी धरतात वैमानिकाला. म्हणजे मला. वर एक गुन्हा, खाली उतरल्यावर तुमच्या नावावर दुसरा. माझं उडणं बंद, तुमची बंदूक जप्त."

महिपत खाटेवर बसले. "आता गो?"

"माझ्याकडं द्या," रामजी म्हणाला. "रिक्षात सीटखाली टाकतो, घरी नेऊन ठेवतो."

"तुझ्या नावाचा परवाना आहे, रामजीदादा?"

"रिक्षाचा हाय."

"मग तू तिसरा आरोपी."

साडेनऊ वाजले होते. बंदूक फक्त परवान्याचा धनीच बाळगू शकत होता. तो विमानात बसणार, तर ती ठेवायला एकच जागा होती. दर निवडणुकीच्या आधी महिपत जिथे ती जमा करायचे, ते पोलीस ठाणं.

ठाण्यात टेबलामागे हवालदार नितेश होता. त्याने कांबळं ओळखलं.

"आबा, आता कसली निवडणूक?"

तेजलने सगळं सांगितलं, विमानासकट. नितेशने पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "अजून विमानतळाच्या गेटच्या आत नाय ना नेली?"

"नाही."

"म्हणजे अजून काय झालेलं नाय. सुरक्षित ठेव म्हणून जमा करून घेतो." त्याने नळीवरचा नंबर ताडून पाहिला, काडतुसं मोजली, अर्ज भरला आणि महिपतांपुढे सरकवला. "सही."

महिपतांनी चष्मा लावला. बोट ओळीखालून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. कारण: परवानाधारक परजिल्ह्यात जात असल्याने.

"हे खोड."

"काय खोडू?"

"परजिल्हा. मी भनीकडं चाललोय. गंगीला तिथं दिली तवा मी सोता बैलगाडी हाकत नेली होती तिला. तवा कुनी मना परजिल्हा म्हनून अडवलं नाय."

"आबा, 'बाहेरगावी' लिहिलं तर साहेब विचारतील, जिल्ह्यातच होता तर हत्यार ठेवलं कशाला? खरं कारण लिहावं लागतं."

"खरं हेच नाय."

दहा वीस. तेजलला घड्याळ दाखवावंसं वाटलं, पण तिने ते केलं नाही. ती वडलांच्या शेजारच्या बाकावर बसली.

"सही केली नाहीत तरी कुणी तुम्हाला काही करणार नाही," ती हळू म्हणाली. "बंदूक तुमची, जिल्हाही तुमचा. रामजीदादा तुम्हाला बंदुकीसकट घरी सोडेल. फक्त मग मी एकटी जाईन."

"नि गंगेला काय सांगू? हात हलवत आलो?"

"आमसुलं आहेत की."

नितेशने दुसरा कागद काढला. "हा क्षेत्रवाढीचा अर्ज. दोन्ही जिल्ह्यांचे अभिप्राय लागतात. पाच-सहा महिने धरा."

"तवर डुकरं थांबतील?"

"त्यांना जिल्ह्याची अट नाय, आबा."

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी आधी क्षेत्रवाढीच्या अर्जावर सही केली, ठसठशीत. मग पहिला कागद ओढला. 'परजिल्ह्यात' या शब्दावर अंगठा ठेवून, तो झाकूनच, त्यांनी खाली नाव लिहिलं. पावती घडी करून परवान्याच्या पुस्तकात ठेवली. आजवरच्या सगळ्या पावत्या तिथेच होत्या.

विमानतळाच्या गेटवर सामान तपासताना जवानाने आगळाची बाटली उजेडात धरली. "हे काय?"

"कोकम," महिपत म्हणाले. "हत्यार खाली ठेवून आलोय."

जवानाने तेजलकडे पाहिलं. तिने पावती दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि बाटली परत दिली.

तिने कागदावरचे आठ किलो नऊशे खोडून पाच किलो चारशे लिहिले आणि बेरीज पुन्हा केली. अकरा चोवीसला चाकं जमिनीवरून सुटली. महिपतांनी दोन्ही हातांनी पट्टा धरला होता. पावसचा डोंगर खाली गेला तसा त्यांनी एक हात सोडला, मग दुसरा. राजापूरची खाडी मागे पडली आणि थोड्या वेळाने पुढे आणखी एक रुंद खाडी उन्हात चमकत आली.

"ही कंची?" त्यांनी हेडफोनमध्ये ओरडून विचारलं.

"विजयदुर्गची. इथे आपला जिल्हा संपतो."

महिपत काचेला कपाळ टेकवून बघत राहिले. समुद्रापासून आत डोंगरापर्यंत पाण्याचा पट्टा गेला होता.

"मना वाटलेलं, वरसून हद्द दिसत नसंल," ते म्हणाले.

खाडी पंखाखालून सरकली.

"लांब दिली गो आमी गंगीला."

मग त्यांनी पायाशी ठेवलेलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि चिपीला उतरेपर्यंत खाली ठेवलं नाही.