घोडीच्या तोंडातली मोकळी जागा

मित्रांनो, मी गाडी ओढणारी म्हातारी घोडी. जरा हळूच बोलेन, तोंड अजून जपावं लागतं. आणि खरं सांगायचं तर आताशा बोलायचाही कंटाळा येतो.

आमच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. नुसती हिरडी. ती कशाला ठेवली देव जाणे! फार फार वर्षांपूर्वी आम्ही उघड्या माळावर गवत खात हिंडत होतो. माणसानं आधी आम्हाला मारून खाल्लं, मग आमचं दूध काढलं, आणि एक दिवस त्याला ही जागा सापडली. तिथे लगाम बसला आणि आमचं हिंडणं संपलं. मग काय, माणूस पाठीवर बसून निघाला तो थांबेचना. मांड ठोकून बसता यावं म्हणून त्यानं विजार शिवली. महिन्याची वाट आठवड्यावर आली. त्याची भाषा, त्याचा व्यापार, त्याची भांडणं, सगळं आम्हीच वाहिलं. समुद्रापलीकडच्या ज्या मुलखात आमचे मूळ पूर्वज जन्मले, तिथून आम्ही कधीच नाहीसे झालो होतो. हजारो वर्षांनी जहाजातून तिथेच उतरलो, तेही लढाईला. राज्यं त्यांची झाली, पाठी आमच्या मोडल्या. चौकातल्या पुतळ्याखाली राजाचं नाव असतं, घोड्याचं कुणी विचारत नाही. असो. ऐकूनच दमलात ना? मग ओढणारीचं काय होत असेल!

माझ्या वाट्याला राजा नाही, गाडीवान आला. मी नवीन होते तेव्हा त्याची बायको शेजारणींना बोलावून दाखवायची, "बघा तरी, कशी देखणी आहे!" माझ्या गाडीवर त्यांच्या दोन मुली शिकल्या, लग्नं होऊन गेल्या. मग माझे गुडघे कुरकुरू लागले आणि कौतुक आटलं. गेल्या हिवाळ्यात लगाम ओढला की मी मान झटकू लागले, रस्त्यातच अडू लागले. "माजलीय," मालक म्हणाला. "विकून टाकतो." मला सांगता येत नव्हतं हो.

खाटकासाठी जनावरं घेणारा दलाल आला. वय बघायला त्यानं माझा जबडा उघडला आणि तसाच थांबला.

"दादा, माजलीय कसली! लोखंडानं हिरडी फाटलीय, आत पू झालाय. रोज लगाम कोण घालतं हिला?"

"मीच," मालक म्हणाला.

बायको दारातून म्हणाली, "अहो, रोज हिच्या तोंडाशी हात, आणि आत एकदाही बघितलं नाहीत?"

मालकानं हात जोडून दलालाला परत पाठवलं. मग मिठाच्या कोमट पाण्यानं माझं तोंड धुतलं. धुताना रडत होता. जखम भरेपर्यंत गाडी दारात उभी राहिली. त्या दिवसांत घरात काय शिजलं मला ठाऊक नाही, पण माझा तोबरा कधी रिकामा नव्हता.

मित्रांनो, आम्हाला हार नकोत, पुतळे नकोत. ज्याच्याकडून काम घेता तो अडला, तर चाबूक शोधण्याआधी त्याला कुठे दुखतंय ते बघा. एवढंच मागणं आहे.

मी परत कामाला लागलेय. पोट त्यालाही आहे, मलाही. फार दमते. पण थंडीच्या सकाळी तो लगामाचं लोखंड आधी आपल्या मुठीत धरून कोमट करतो, माझ्या तोंडापाशी आणून थांबतो आणि म्हणतो, "घालू का गं?"

मग कितीही थकलेली असले तरी मी तोंड उघडते. इतक्या पिढ्यांत आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं.