भट्टीत न गेलेलं पिस्तूल

होंडुरासच्या डोंगरातल्या आमच्या गावात त्या रविवारी नोएलियाच्या अंगणात मक्याच्या भाकऱ्या भाजल्या जात होत्या. तिच्या बाळाचा बाप्तिस्मा नुकताच झाला होता. धर्मपिता म्हणून उभे राहिलेले डॉन विल्फ्रेदो तिचे साहेबही होते, जप्त शस्त्रांच्या कोठाराचे प्रमुख. आमच्याकडे धर्मपिता मुलाच्या आईला 'कोमाद्रे' म्हणतो आणि पहिल्या मुलाला पिस्तूल देतो. तीन महिन्यांच्या तान्ह्याला! आणि या रीतीचा आम्हाला अभिमान आहे.

साहेबांनी पेटी उघडली. नोएलियाचा नवरा ओस्मान हरखून गेला. "अगदी कोरं दिसतंय हो!"

"मग? आपल्या पोराला काय भंगार देऊ?"

नोएलियाने पिस्तूल उचलून उजेडात धरलं. त्यावरचा क्रमांक शुक्रवारी तिनेच टाईप केला होता, वितळवलेल्या शस्त्रांच्या यादीत. सरकारने इतर देशांशी करार केला होता: जप्त हत्यार नोंदवायचं आणि नष्ट करायचं. भट्टीत मात्र या पिस्तुलाच्या जागी गंजकी नळकांडी गेली होती. आणि गावच्या शिक्षिका देल्मीबाई शाळेच्या दारात मारल्या गेल्या, त्या याच पिस्तुलाने.

"साहेब, हे तर वितळलंय."

"कागदावर वितळलं म्हणजे वितळलं, कोमाद्रे. भाकऱ्या करपतायत बघ."

"चारचौघांत शोभा करू नकोस," ओस्मान कुजबुजला. "नोकरी जाईल. नुसती नोकरीच गेली तर नशीब समज."

सोमवारी करार पाळला जातो की नाही हे पाहायला राजधानीहून पाहुणे आले. यादीखाली नोएलियाची सही हवी होती. साहेबांनी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. पिशवीतून पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं.

"यादीतलं सत्तेचाळिसावं. हे माझ्या मुलाच्या पाळण्यात होतं. मी सही करणार नाही."

साहेब अगदी मायेने म्हणाले, "लेकराचा तरी विचार करायचास, कोमाद्रे."

"त्याचाच केला."

पाहुण्यांनी पिस्तूल ताब्यात घेतलं, चौकशीचं आश्वासन दिलं आणि दुपारीच गाडीत बसले. नोएलियाला मात्र इथेच राहायचं होतं. मंगळवारपासून तिच्या घरासमोर नंबरपाटी नसलेली एक मोटार उभी असते. आत कोण आहे, हे आम्हाला माहीत आहे.

रविवारी तिच्या अंगणात आम्ही सगळे पोटभर जेवलो होतो. आता त्या रस्त्याने जाताना आम्ही पलीकडच्या कडेने चालतो.